तुरीचा वांझ रोग आणि विषाणूच्या आरएनएची लांबी: जेलवरचा आकडा कधी खरा मानायचा?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

तुरीवरच्या धाग्यात एका सदस्याने विचारलं होतं, वांझ रोग विषाणूमुळे होतो हे ठरवलं कशावरून? दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना, म्हणून हा वेगळा धागा. मी मराठवाड्यातच वनस्पती रोगशास्त्र शिकवतो. विषाणूंचा आरएनए (अनेक विषाणूंचा आनुवंशिक रेणू) काढणं आणि मोजणं हे माझं रोजचं काम आहे.

रोग आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. झाड खुजं, झुडपी होतं, पानं बारीक, त्यांवर फिकट-गडद चट्टे. शेजारची तूर शेंगांनी वाकलेली असते आणि हे हिरवंगार उभं, फुलाचा पत्ता नाही. १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा इथून त्याची नोंद झाली. कलमातून रोग जातो हे पुढे कळलं, साध्या डोळ्यांना न दिसणारा कोळी तो पसरवतो हेही कळलं. पण रोगाचं मूळ कारण जवळपास सत्तर वर्षं हाती लागलं नाही. २००० च्या सुमारास पटानचेरूच्या इक्रिसॅटमध्ये (कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत) रोगट पानांतून अतिशय बारीक, लवचिक तंतूंसारखे कण शुद्ध करता आले. त्यात ३२ किलोडाल्टनचं (हे रेणुभाराचं माप) एक मुख्य प्रथिन सापडलं, आणि जेलवर (रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) आरएनएचे ५ ते ७ बँड, म्हणजे पट्टे, दिसले. सगळ्यात मोठा सुमारे ६.८ किलोबेसचा, सगळ्यात लहान १.१ किलोबेसचा. (किलोबेस म्हणजे हजार न्यूक्लिओटाइड, आणि न्यूक्लिओटाइड म्हणजे आरएनएच्या साखळीतली एकेक कडी.)

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे हे बँड. पपईवरच्या रिंगस्पॉट विषाणूसारखा पोटीव्हायरस असता तर १० किलोबेसच्या आसपास एकच बँड आला असता. भुईमुगावरच्या शेंडेमर रोगाच्या टॉस्पोव्हायरसमध्ये तीन तुकडे असतात, साधारण ८.९, ४.८ आणि ३.० किलोबेसचे. तुरीतला नमुना यांपैकी कशाशीच जुळत नव्हता. म्हणजे हे काहीतरी निराळं कुळ होतं. पुढे ते एमाराव्हायरस ठरलं. २०१४ मध्ये त्याच्या न्यूक्लिओटाइडचा पूर्ण क्रम प्रसिद्ध झाला, पाच तुकडे निघाले आणि सर्वांत मोठा ७ हजार न्यूक्लिओटाइडच्या किंचित वर भरला. जेलवरचा ६.८ चा अंदाज बघा किती जवळ होता. त्यानंतर त्याच रोगात सहा तुकड्यांचा दुसरा एमाराव्हायरसही सापडला आणि दोन्ही एकाच झाडात असू शकतात हेही दिसलं. त्यामुळे जुन्या जेलवर बँडची संख्या ५ ते ७ अशी मागंपुढं का होत होती, याचं एक कारण मिश्र संसर्ग असावं असं मला वाटतं.

आता मोजायचं कसं ते सांगतो.

आरएनएवर ऋण भार असतो. अगारोजच्या जेलमध्ये विद्युतप्रवाह सोडला की तो धन टोकाकडे सरकतो, आखूड रेणू पुढे, लांब रेणू मागे. पण एकेरी आरएनए सरळ राहत नाही, स्वतःशीच जोड्या जुळवून दुमडतो. गुंडाळलेली सुतळी लांबीला केवढी आहे हे वरून बघून सांगता येत नाही, तसंच इथे होतं. घट्ट दुमडलेला ३ किलोबेसचा रेणू भराभर पुढे जाऊन २ किलोबेसचा वाटू शकतो. म्हणून आधी दुमड उघडायची. सॅम्पल फॉर्मामाइड आणि फॉर्माल्डिहाइडमध्ये ६५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवायचं, लगेच बर्फात ठेवायचं, आणि जेलमध्येही फॉर्माल्डिहाइड घालायचं म्हणजे तो पुन्हा दुमडत नाही. बफर मॉप्सचा. ग्लायोक्सॉल आणि डीएमएसओ वापरण्याची पद्धतही चांगली आहे, तिच्यात फॉर्माल्डिहाइडचा वास आणि डोळ्यांची आग टळते.

शेजारच्या वेलमध्ये (जेलमध्ये सॅम्पल भरायची खाच) माहीत असलेल्या लांबीचा आरएनए, म्हणजे आरएनए लॅडर, तीच प्रक्रिया करून चालवायचा. डीएनए लॅडर इथे चालत नाही. वेलपासून प्रत्येक बँडचं अंतर मोजायचं आणि लांबीचा लॉगॅरिथम अंतरासमोर मांडायचा. समजा ६ किलोबेसचा बँड ३० मिमीवर आहे, ३ किलोबेसचा ५० मिमीवर, आणि आपला बरोबर मध्ये ४० मिमीवर. विद्यार्थी पटकन ४.५ लिहितात. उत्तर ४.२४ आहे, कारण सरळ रेषा लॉगवर येते, लांबीवर नाही. शिवाय ती रेषा दोन्ही टोकांना वाकते, त्यामुळे लॅडरच्या सर्वांत वरच्या बँडच्याही वर असलेल्या बँडला आकडा देऊ नये.

माझं म्हणणं एवढंच: आरएनए उघडून, आरएनए लॅडरसोबत चालवला असेल तरच आकाराचा आकडा लिहावा. प्रबंधांत नुसता 'अंदाजे अमुक किलोबेस' असा उल्लेख येतो, लॅडर कोणता, जेल कोणता, काही नसतं. असा आकडा पुढच्या माणसाला वापरता येत नाही.

---

रानोबा

सर, सगळंच कळलं असं नाही, पण वांझ तुरीचं नीट समजलं. आमच्याकडं औसा भागात सोयाबीन पिवळी पडायलीय. मुगाचंबी तेच. सगळे व्हायरस व्हायरस म्हणायलेत. त्याचाबी असाच आरएनए काढून मोजता येतो का? आन् मोजून आम्हाला शेतात काय फायदा, तेबी सांगा.

---

दुधनाकाठ

रानोबा, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

सोयाबीन आणि मुगावरचा पिवळा मोझॅक हा डीएनएचा विषाणू. त्याचे दोन गोल तुकडे असतात, प्रत्येकी साधारण २.७ हजार न्यूक्लिओटाइडचे. आरएनए काढून, डीएनए साफ करून जेल चालवला तर त्याचा जीनोमच हाती लागणार नाही. तो पांढरी माशी पसरवते.

फायदा असा की आकारावरून विषाणूचं कुळ जवळजवळ कळतं आणि कुळावरून तो कोण पसरवतं याचा माग लागतो. वांझ रोग कोळ्यामुळे पसरतो, तिथे पांढऱ्या माशीवरचा खर्च वाया. बांधावर, पडीक जागेत उन्हाळ्यात राहिलेली तुरीची झाडं आणि खोडवा हा त्याचा आसरा आहे. ती उपटली की पुढच्या हंगामाचा कोळी आणि विषाणू दोन्हींची सोय तुटते. रोग बियाण्यातून जात नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेले बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण वांझ रोगाला प्रतिकारक म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं आहेत.

---

प्रज्ञा_लातूर

सर, मी एमएस्सीला आहे. सूर्यफुलाच्या नेक्रोसिसवर काम करतेय. रोगट पानांतून टोटल (पानातला सगळा) आरएनए काढला, फॉर्माल्डिहाइड जेल, आरएनए लॅडर, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच. ठळक बँड चार आले: ३.४, २.९, १.८ आणि १.५ किलोबेस. टोबॅको स्ट्रीक व्हायरसचे आरएनए १ आणि आरएनए २ साधारण ३.५ आणि २.९ चे असतात असं वाचलं. म्हणजे वरचे दोन विषाणूचे समजायचे का?

---

दुधनाकाठ

प्रज्ञा, निरोगी पानाचा आरएनए शेजारी चालव. मला खात्री आहे की हेच चार बँड तिथेही दिसतील.

हे झाडाचे स्वतःचे रायबोसोमल आरएनए (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे) आहेत. ३.४ च्या आसपासचा २५एस, १.८ चा १८एस, आणि हिरव्या पानांतल्या क्लोरोप्लास्टचे २.९ च्या आसपासचा २३एस व १.५ चा १६एस. क्लोरोप्लास्टचा २३एस बऱ्याचदा आतून तुटलेला असतो, मग खाली आणखी लहान बँड येतात आणि नवीन काहीतरी सापडल्याचा भास होतो. पानातल्या आरएनएत सर्वांत मोठा वाटा याच रेणूंचा असतो.

टोबॅको स्ट्रीकचं दुर्दैव म्हणजे त्याचे तुकडे नेमके यांच्याच अंगाखाली येतात. त्याचे आकडे ३४९१, २९२६ आणि २२०५ न्यूक्लिओटाइड. आरएनए १ झाकला जातो २५एस खाली, आरएनए २ झाकला जातो २३एस खाली. टोटल आरएनएच्या जेलवरून त्यांच्याबद्दल काहीही बोलता येणार नाही. वाटा तीन आहेत. पहिली, विषाणूचे कण शुद्ध कर आणि त्यांतूनच आरएनए काढ, मग रायबोसोमचा प्रश्न राहत नाही. दुसरी, विषाणू वाढताना तयार होणारा दुहेरी आरएनए वेगळा कर. तो साधारण १६ टक्के अल्कोहोल असलेल्या बफरमध्ये सेल्युलोजला चिकटतो आणि एकेरी आरएनए वाहून जातो. मात्र त्याला दुहेरी आरएनएचाच लॅडर लागतो आणि जेल साधा, न उघडणारा. तिसरी, नॉर्दर्न ब्लॉट: जेल पडद्यावर उतरवून विषाणूचाच प्रोब (त्याच्या आरएनएला जुळणारा खुणेचा तुकडा) लावायचा, मग फक्त त्याचे बँड उजळतात.

आणखी एक गोष्ट जपून लक्षात ठेव. शुद्ध कणांतून ३.५, २.९, २.२ असे तीन बँड आले तरी ते टोबॅको स्ट्रीकचेच असं सिद्ध होत नाही. काकडीच्या मोझॅक विषाणूची एक अभ्यासलेली जात बघ: ३३५७, ३०५० आणि २२१६. दोघांच्या आरएनए ३ मध्ये फरक ११ न्यूक्लिओटाइडचा. अगारोज जेलला तो कधीच दिसणार नाही. आणि हे दोन विषाणू शेतात अगदी वेगळे वागतात. काकडीचा मोझॅक मावा पसरवतो, आपल्या अर्धापूर पट्ट्यातल्या केळीला हरण्या होतो तो त्याचाच. टोबॅको स्ट्रीक मात्र गाजरगवताच्या परागकणांतून, फुलकिड्यांच्या साथीने येतो. तेव्हा बँडच्या जोडीला एलायझा (विषाणूचं प्रथिन ओळखणारी चाचणी) किंवा आरटी-पीसीआर (त्याचा आरएनए ओळखणारी चाचणी) हवाच. आकाराने यादी आखूड होते, शेवटचं नाव दुसऱ्या चाचणीने पक्कं करायचं.

---

जुना_प्रयोगी

धागा आवडला. आमच्या काळातली पद्धत नोंदवतो, कारण ती समजली की आकाराच्या मागचा विचार पक्का होतो.

आम्ही साखरेच्या द्रावणाचा ग्रेडियंट करत असू. नळीत वर ५ टक्के, तळाला २० टक्के सुक्रोज, वरून हलक्या हाताने आरएनए सोडायचा आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये तासन् तास फिरवायचं. जड रेणू खाली उतरतो. उतरण्याच्या वेगाचं माप एस, म्हणजे स्वेडबर्ग. आजही मंडळी २५एस, १८एस म्हणतात ते तिथूनच आलेलं. एस वरून रेणुभार काढायचं सूत्र होतं: १५५० गुणिले एसचा २.१ वा घात. तंबाखू मोझॅकच्या आरएनएचं एस साधारण ३१. गणित केलंत तर सुमारे २१ लाख येतात.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने तपासा. तंबाखू मोझॅकचा कण म्हणजे ३०० नॅनोमीटर लांबीची ताठ काडी. तिच्यात प्रथिनाचे २१३० एकसारखे घटक, आणि प्रत्येक घटक आरएनएचे ३ न्यूक्लिओटाइड धरून बसलेला. २१३० गुणिले ३, म्हणजे ६३९०. १९८२ मध्ये संपूर्ण क्रम वाचला गेला तेव्हा आकडा निघाला ६३९५. एका न्यूक्लिओटाइडचा सरासरी भार ३२० धरला तर साडेवीस लाखांच्या आसपास भरतो. साखरेच्या नळीतून २१ लाख, कणाच्या रचनेतून ६३९०, क्रमवाचनातून ६३९५. तिन्ही वाटा एकमेकींपासून स्वतंत्र आणि तरी एकाच ठिकाणी पोचतात. म्हणूनच हा आरएनए पुढे कितीतरी प्रयोगशाळांत मापक म्हणून वापरला गेला.

दुधनाकाठ सरांना एक पुरवणी: ग्रेडियंटमध्येही दुमडीचा प्रश्न असतोच. क्षार जास्त असले की आरएनए आवळतो आणि लवकर उतरतो. बफर कोणता होता हे न सांगता एसचा आकडा देणं म्हणजे लॅडर न सांगता बँड दाखवणं.

---

नवा_पाहुणा

माहिती उत्तम, पण आता थेट क्रमवाचन करता येतं. एकेक न्यूक्लिओटाइड मोजून मिळतो. मग जेलवर अंदाज बांधत बसण्यात वेळ का घालवायचा?

---

दुधनाकाठ

क्रमवाचनाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वांझ रोगाचे तुकडे शेवटी त्यानेच पक्के झाले. पण ते जेलची जागा घेत नाही.

नेहमीच्या क्रमवाचनात आरएनएचे आधी बारीक तुकडे होतात आणि संगणक ते जोडतो. दोन्ही टोकांचे काही न्यूक्लिओटाइड बऱ्याचदा हाती लागत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा प्रयोग करावा लागतो. पेशीत खरोखर कोणत्या लांबीचे रेणू फिरताहेत हेही त्यातून सहज कळत नाही. उदाहरणार्थ टोबॅको स्ट्रीकचा आरएनए ४. तो आरएनए ३ च्याच शेवटच्या भागापासून बनतो, त्यामुळे जोडलेल्या क्रमात तो वेगळा उठून दिसत नाही. नॉर्दर्न ब्लॉटवर त्याचा स्वतंत्र बँड येतो. आणि हा रेणू गौण नाही. या कुळात जीनोमचे तीन तुकडे एकटे रोग लावू शकत नाहीत, सोबत कवच-प्रथिन किंवा आरएनए ४ लागतो.

शिवाय सॅम्पल पाठवण्याआधी आरएनए शाबूत आहे की नाही हे बघायला जेलच लागतो. तुटलेला आरएनए पाठवला तर पैसे जातात आणि हाती अर्धवट क्रम येतो.

---

प्रज्ञा_लातूर

सर, निरोगी पान चालवलं. तेच चार बँड आले. आता सेल्युलोजने दुहेरी आरएनए काढणार आहे. मधल्या काळात दोन सॅम्पलचा नुसता स्मिअर (पसरट डाग) आला, बँडच नाहीत. बाहेर ४२ अंश आणि दुपारी लाइट जाते, त्याचा संबंध असेल का?

---

वेल_नंबर_आठ

ताई, मी प्रयोगशाळा सहायक आहे, हे माझ्या रोजच्या हातातलं काम आहे म्हणून सांगतो.

उन्हाचा संबंध आहे, पण शेतात. पान तोडलं की पेशी मरायला लागतात आणि आतली आरएनेज (आरएनए तोडणारी विकरं) मोकळी होतात. लॅबमध्ये आल्यावर कितीही काळजी घेतली तरी ते भरून निघत नाही. सूर्यफुलाचं पान सकाळी लवकर तोडा, जागेवरच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. तालुक्याच्या ठिकाणी द्रव नायट्रोजन कुठून आणायचा असं मुलं विचारतात. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात. रीतसर पत्र देऊन विचारा, छोटा कंटेनर सोबत न्या.

लॅबमध्ये हातमोजे घालून दाराची कडी, फोन, केस यांना हात लावायचा नाही, लागला तर मोजे बदलायचे. पाणी डीईपीसी (आरएनेज निकामी करणारं रसायन) टाकून ऑटोक्लेव्ह केलेलं. काचेच्या भांड्यांना ऑटोक्लेव्ह पुरत नाही, ती ओव्हनमध्ये १८० अंशांवर रात्रभर भाजायची. आरएनेज उकळूनही मरत नाही, पाणी गार झालं की पुन्हा काम करतं. जेलचा ट्रे आणि कंगवा प्लाझ्मिडच्या कामाला वापरलेले घेऊ नका, तिथे आरएनेज मुद्दाम घातलेलं असतं.

लाइटचं म्हणाल तर जेल चालू असताना वीज गेली तर बँड पसरतात आणि अंतर चुकीचं मोजलं जातं. तो जेल आकारासाठी धरू नका. लॅडरही त्याच जेलमध्ये आहे म्हणून चालेल असं काही जण म्हणतात, पण पसरट बँडचं टोक कुठलं धरायचं? भारनियमनाच्या वेळा बघून सकाळी सुरू करा.

---

मोसंबीवाला_अंबड

आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळतात, त्याला ट्रिस्टेझा म्हणतात असं ऐकलंय. त्याचाही आरएनए असाच मोजता येतो का? आमची कलमं रंगपूर लिंबावरची आहेत.

---

दुधनाकाठ

मोजता येतो, पण वाकडा रस्ता आहे. ट्रिस्टेझाचा आरएनए एकसंध आणि प्रचंड, फ्लोरिडातल्या एका जातीचा १९,२९६ न्यूक्लिओटाइड निघाला, १९९५ मध्ये. कण २००० नॅनोमीटर लांब. एवढा लांब एकेरी आरएनए न तुटता काढणं अवघड, म्हणून कोवळ्या फांदीच्या सालीतून दुहेरी आरएनए काढतात. तो जास्त टिकाऊ असतो. जेलवर वरच्या अंगाला त्याचा मोठा बँड दिसतो आणि खाली लहान रेणूंची रांग.

तुमच्या खुंटाबद्दल: ट्रिस्टेझाने झपाट्याने वाळणं मुख्यतः आंबट संत्र्याच्या खुंटावर होतं. रंगपूर लिंबू त्याला बराच सहन करतो. त्यामुळे बाग वाळतेय म्हणजे ट्रिस्टेझाच असं धरू नका, आधी मूळकूज आणि डिंक्या बघून घ्या. रंगपूर लिंबाला मात्र एक्सोकॉर्टिस लागतो, खुंटाची साल तडकून सुटते. तो विषाणूही नव्हे, व्हिरॉइड आहे: फक्त ३७१ न्यूक्लिओटाइडचा गोल आरएनए, प्रथिनाचं कवच नाही. ट्रिस्टेझापेक्षा पन्नास पटींहून लहान. अगारोजवर तो निसटून जातो, त्याला युरिया घातलेला पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल लागतो. तिथे दुमड उघडल्यावर गोल रेणू त्याच लांबीच्या सरळ रेणूपेक्षा मागे राहतो. म्हणून सरळ लॅडरवरून त्याची लांबी वाचली तर फुगलेली येते. पण हे मागे राहणंच तो गोल असल्याची खूण ठरतं.

---

रानोबा

सर, गावात चार-पाच जणांच्या तुरीत वांझ झाडं निघालीत. विद्यापीठात नेऊन दाखवायची म्हणतोय. झाड कसं न्यायचं? उपटून नेलं तर चालंल का?

---

दुधनाकाठ

उपटू नका. शेंड्याकडची कोवळी, चट्टे असलेली पानं घ्या, वाळलेली नकोत. प्रत्येक झाडाची पानं वेगळ्या कागदी पाकिटात, त्यावर गाव, वाण, पेरणीची तारीख. शेजारच्या निरोगी तुरीचंही एक पाकीट हवंच, तुलना त्याच्याशी होते. पाकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा, बर्फाचं पाणी पानांना लागू देऊ नका. त्याच दिवशी पोचवा. परभणीला किंवा बदनापूरला, जे जवळ पडेल तिथे, आधी फोन करून जा. शनिवारी काढून सोमवारी नेऊ नका.

आणि कोळीही तपासायचा असेल तर पानं धुऊ नका, पुसू नका. तो पानाच्या खालच्या बाजूला असतो, तिथे भिंगाखाली बघता येईल.